गोविंदा खेळाडू झाला, पण पडला तर जबाबदार कोण?

सात_रस्ता

१८ ऑगस्ट २०२२ ला विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला. खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून गोविंदांना सरकारी नोकरीची संधी मिळेल, हेही तेव्हाच सांगण्यात आलं. २०२३ मध्ये वरळीच्या डोममध्ये प्रो गोविंदा लीग सुरू झाली. २०२५ ला ठाण्यात आधी कोकण नगर पथकाने आणि मग जय जवानने दहा थर लावले. त्याच वर्षी सरकारने दीड लाख गोविंदांचा विमा उतरवला, आणि त्याच वर्षी सण काही दिवसांवर आलेला असताना दहिसरमध्ये सरावात पडून ११ वर्षांचा मुलगा गेला.

मी समाजशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गातली बरीच मुलं पावसाळ्यात संध्याकाळी सरावाला जातात, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाही. या मुलांकडे घरचे सण म्हणून बघतात, प्रशिक्षक खेळ म्हणून, आयोजक कार्यक्रम म्हणून, आणि न्यायालय सुरक्षिततेचा प्रश्न म्हणून. मुलगा वर चढत असेपर्यंत सगळेच त्याचे असतात. तो पडला की मात्र जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

माझं मत असं, की खेळाचा दर्जा देताना मान मिळाला, नोकरीचं आश्वासन मिळालं, पण जबाबदारी कोणाच्याच नावावर लिहिली गेली नाही. तुम्हाला काय वाटतं? गोविंदाला नक्की काय मानायचं, आणि त्याच्या हातापायाची, मणक्याची काळजी कायद्याने कोणावर टाकायची?

पथकात असलेल्यांनी जरूर लिहा. आरोग्य, कायदा, क्रीडा या क्षेत्रांतल्या सदस्यांचीही वाट बघतो.

ताम्हण

सण सणासारखा राहू द्या. आमच्या गावी तीन थरांची हंडी असते, अर्ध्या तासात फुटते, मग सगळे काला खातात. दर्जा, लीग, आरक्षण हे सगळं मुंबई-ठाण्याचं दुखणं आहे.

लालबागचा_पोरगा

मी तिसऱ्या थराला असतो. सात_रस्ता सरांनी विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो.

गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि सराव सुरू होतो. पथकातले बहुतेक जण दिवसभर काम करून रात्री येतात. कोणी कुरिअरमध्ये, कोणी बेस्टमध्ये, कोणी मॉलमध्ये सिक्युरिटीला, दोघं-तिघं बँकेत. साडेनऊला मैदानात पोचायचं, बारा वाजता घरी, सकाळी परत कामावर. सणाच्या आधीच्या शनिवारी चोर गोविंदा, म्हणजे आमची रंगीत तालीम असते, तिथे कळतं यंदा थर किती बसतायत. हंडीच्या दिवशी सुट्टी मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर पगार कापला जातो.

लोकांना वाटतं लाखाची बक्षिसं म्हणजे पोरांची चांदी. हिशोब बघा. ट्रक आणि बसचं भाडं, टी-शर्ट, दिवसभराचं जेवण, सरावाच्या मॅट, पट्ट्या, स्प्रे, औषधं. उरलेले पैसे मंडळाच्या खात्यात जातात. त्यातून वह्यावाटप होतं, कोणाच्या घरी अडचण असेल तर मदत होते. माझ्या हातात कधी एक रुपया आलेला नाही आणि मला तो नकोय. वरच्याचा पाय खांद्यावर स्थिर झाला, की खालून अख्खं पथक एका श्वासात उभं आहे हे कळतं. ते मला ऑफिसात मिळत नाही, कुठेच मिळत नाही.

म्हणून एक विनंती. आम्हाला कामगार म्हणू नका, बिचारे तर अजिबात म्हणू नका.

काजूकतली

पोरगा, वाचून अंगावर काटा आला. पुढच्या वर्षी बघायला येणार!

भर_दुपार

मी कबड्डी खेळलोय, राज्य पातळीपर्यंत. आता स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. २०२२ ला आमच्या अभ्यासिकेत या घोषणेवर जो संताप होता, तो अजून गेलेला नाही.

खेळाडू आरक्षणासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, त्याची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते, आणि ती होऊनही बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. आता सांगा, आठ थरांच्या मनोऱ्यात दीडशे-दोनशे माणसं असतात. प्रमाणपत्र कोणाला? वर चढणाऱ्या एक्क्याला? तळाच्या घेरात ज्याच्या पाठीवर सगळा भार आहे त्याला? की ज्याचं नाव मंडळाच्या अध्यक्षाने लिहून दिलं त्याला?

माझा गोविंदांवर राग नाही. कबड्डी, खो-खो, मल्लखांब यात वर्षभर माती खाणारी पोरं आहेत आणि त्या ५ टक्क्यांत आधीच गर्दी आहे. मोजमाप ठरलेलं नसताना रांगेत नवा खेळ उभा केला, तर नुकसान दोन्हीकडच्या प्रामाणिक पोरांचं होतं.

निमिष७

मुलाखतीत विचारतील, "पाच वर्षांनी स्वतःला कुठल्या थरावर बघता?" :)

लालबागचा_पोरगा

निमिष७, हा हा. उत्तर सोपं आहे, वय वाढलं की सगळे खालीच येतात. आमचे एक काका एक्का म्हणून आले होते, आता तळाला उभे असतात.

भर_दुपार, तुमचा मुद्दा मान्य. आमच्या पथकातून त्या आरक्षणात नोकरी लागलेला मला तरी एकही जण माहीत नाही. आम्ही नोकरी मागितलीही नव्हती. मॅट आणि डॉक्टर मागितले होते.

ॲड_शमी

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगते, कारण त्यात बरीच गल्लत होते.

ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन मर्यादा घातल्या, उंची २० फूट आणि वय १८ पूर्ण. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा त्याला स्थगिती दिली. २०१६ ला मात्र सर्वोच्च न्यायालयाने त्याच मर्यादा कायम ठेवल्या. त्या वर्षी ठाण्यात त्या उघडपणे मोडल्याही गेल्या. २०१७ मध्ये प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात आलं. ७ ऑगस्ट २०१७ ला न्यायालयाने उंचीची मर्यादा ठरवणं हे आपलं काम नाही, ते विधिमंडळाने आणि शासनाने बघावं, अशी भूमिका घेतली. १४ वर्षांखालील मुलांना भाग घेऊ देणार नाही, हे सरकारचं म्हणणं नोंदवून घेतलं. आज आपण त्याच टप्प्यावर आहोत. उंचीला मर्यादा नाही, वय १४.

आता सरांच्या प्रश्नाकडे. कामावर दुखापत झाली तर १९२३ चा भरपाई कायदा आहे. पण तो नोकरीच्या ओघात आणि नोकरीमुळे झालेल्या इजेसाठी आहे. गोविंदाचा मालक कोण? आयोजक म्हणतो, मी फक्त हंडी बांधली, पथक स्वतःहून आलं. पथक म्हणतं, आम्ही सगळे हौशी. सज्ञान माणसाने समजून-उमजून धोका पत्करला, असा बचाव दिवाणी दाव्यात घेता येतो. अज्ञान मुलाच्या बाबतीत तो टिकणं अवघड, कारण त्याची संमती कायद्याच्या लेखी संमतीच नाही.

दहिसरच्या घटनेत गुन्हा दाखल झाला तो पथकाच्या अध्यक्षावर. सरावात दुसरं कोणी हजरच नसतं. लाखांची बक्षिसं लावणाऱ्याचा आणि सरावाचा कायद्याच्या दृष्टीने काही संबंध उरत नाही. माझ्या मते हीच सर्वात मोठी फट आहे, कारण थर त्या बक्षिसाच्या आकड्याकडे बघूनच वाढतात.

सात_रस्ता

शमीताई, शेवटच्या वाक्यासाठी मनापासून आभार. "हौस" या सबबीखाली किती गोष्टी झाकल्या जातात! आयोजकाला गर्दी मिळते, प्रायोजकाला जाहिरात, वाहिनीला दिवसभराचं प्रक्षेपण. या तिघांनाही त्या दिवसाचं मोल मिळतं. ज्याच्या खांद्यावर ते सगळं उभं आहे त्याचे श्रम मात्र हौस ठरतात. पोरगा, तुला कामगार म्हणायचं नाही हे पटलं. पण तुझ्या श्रमातून दुसऱ्याची कमाई होत असेल तर तो प्रश्न विचारावाच लागेल.

मानसी_के

मी क्रीडा मानसशास्त्रात काम करते, नेमबाज आणि जिम्नॅस्ट यांच्याबरोबर. मनोऱ्यांकडे मी बरीच वर्षं कुतूहलाने बघते आहे.

एक जुना प्रयोग आहे. रिंगलमन नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावला आणि १९१३ मध्ये निष्कर्ष मांडले. गट मोठा होत गेला तसतशी प्रत्येकाची ओढ कमी होत गेली. मग दोनशे माणसांच्या पथकात अंग चोरणं का होत नाही? पुढच्या संशोधनातून उत्तर मिळतं. आपला वाटा वेगळा ओळखू येणार असेल तर माणूस कसर ठेवत नाही. थरात प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि एकाचा गुडघा हलला तर वरच्याला त्याच क्षणी कळतं. नयन फाउंडेशनच्या पथकातले दृष्टिहीन गोविंदा बघा. ते सगळा मनोरा स्पर्शावर आणि आवाजावर बांधतात. डोळस पथकांनीही ते बारकाईने बघायला हवं, कारण घेरात मान खाली घातल्यावर डोळ्यांचा उपयोग तसाही संपतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलं, की प्रेक्षक समोर असले की अंगवळणी पडलेली कृती सुधारते आणि कच्ची कृती बिघडते. सरावात सात थर पक्के बसलेलं पथक गर्दीत सात थर अधिक चांगले लावेल. पण सरावात कधीच न लागलेला आठवा थर डीजे, निवेदक आणि पाण्याच्या माऱ्यात लावायला गेलं, तर तीच गर्दी घात करते. नेमकं तेव्हाच निवेदक माइकवरून "अजून एक, अजून एक" ओरडत असतो. पथकाच्या प्रमुखाला भर गर्दीत "नाही" म्हणता येणं हे कौशल्य आहे आणि ते शिकवावं लागतं.

आणि भीतीबद्दल. लहान मुलं घाबरत नाहीत असं कौतुकाने म्हटलं जातं. ती घाबरतात. ज्यांना खूश करायचंय ती मोठी माणसं खाली उभी असतात म्हणून सांगत नाहीत. सरावात मुलाला "आज नको" म्हणायची मुभा आहे का, आणि म्हटल्यावर त्याला कोणी हसत नाही ना, एवढं बघितलं तरी पथकाचं आरोग्य कळतं.

अभ्यासू_मांजर

मानसीताई, त्या संदर्भात स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके गावच्या निखाऱ्यांवरून चालण्याच्या विधीचा अभ्यास आठवला. २०११ मध्ये प्रसिद्ध झाला होता. चालणाऱ्याच्या हृदयाचे ठोके आणि बघणाऱ्या नातेवाइकांचे ठोके एका लयीत वर-खाली होत होते. परक्या प्रेक्षकांचे तसे होत नव्हते. चाळीतल्या हंडीला आणि बक्षिसाच्या हंडीला जमणारी गर्दी यात मला तोच फरक वाटतो. चाळीतल्या गर्दीला वरचा मुलगा कोणाचा ते माहीत असतं.

मानसी_के

अगदी! आणि परक्या गर्दीला "उतरवा आता" असं वाटत नाही.

माशेलकार

गोव्यातून थोडं विषयांतर. आमच्या माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकी कृष्णाच्या देवळासमोर चिखल कालो असतो. अंगाला तेल लावून म्हातारे-पोर सगळे चिखलात उतरतात, कृष्णाच्या बाळपणीचे म्हणून खेळ खेळतात. चेंडूफळी, लपंडाव, पकडापकडी. वरून लाडू-फळं टाकतात, ती पकडायची. कोण जिंकलं हे संध्याकाळी कोणालाच आठवत नाही.

सांगायचं इतकंच, की सण आणि खेळ एकत्र नांदू शकतात. बिघडतं ते मध्ये आकडा आला की. किती थर, किती लाख.

मानसी_के

माशेलकार, यालाही प्रयोगाचा आधार आहे. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत, रंगीत पेनांनी आवडीने चित्रं काढणाऱ्या काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात त्याच मुलांनी बाकीच्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढली. आतून आलेल्या ओढीवर बाहेरचं बक्षीस चढवलं की ओढ सुकते. अर्थात प्रत्येक बक्षिसाने तसं होत नाही. अनपेक्षित कौतुकाने त्या प्रयोगात काही बिघडलं नव्हतं.

गिरणगावकर

ताम्हण आणि माशेलकार यांच्याशी अर्धा सहमत. आकड्याने बिघडवलं खरं, पण मुंबईत हा आकडा कुठून आला तेही बघा.

माझे वडील गिरणीत होते. तेव्हा हंडी चाळीची असायची, व्यायामशाळेची पोरं थर लावायची आणि बक्षीस म्हणजे नारळ आणि थोडी वर्गणी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढची कहाणी सगळ्यांना माहीत आहे. गिरणी नुसता पगार देत नव्हती. पाळी, युनियन, क्रीडा संघ, भजनी मंडळ, सगळं तिच्याभोवती होतं. ते गेल्यावर आमच्या पिढीतल्या पोरांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या जागा फार थोड्या उरल्या. पथक ही त्यातली एक. त्याच सुमारास राजकीय पुढाऱ्यांना गर्दी लागत होती. ठाण्यात आनंद दिघ्यांची टेंभी नाक्याची हंडी मोठी झाली, मग जागोजागी तशा हंड्या उभ्या राहिल्या.

तेव्हा पोरं नुसती लाखाच्या मागे धावली असं म्हणू नका. २०१२ ला जय जवानने ठाण्यात ४३.७९ फुटांचा नऊ थरांचा मनोरा रचून गिनीज बुकात नाव नेलं, तेव्हा जोगेश्वरीतल्याच नाही, आमच्या लालबाग-परळच्या पोरांचीही मान ताठ झाली होती. ज्यांच्या नावाने वर्तमानपत्रात फक्त संप आणि टाळेबंदी छापून यायची, त्यांच्या मुलांचा तो फोटो होता.

परळची_सिस्टर

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. हंडीच्या रात्री कॅज्युअल्टीत काय असतं ते लिहिते.

बहुतेकांना मुका मार, मनगट, खांदा, गळपट्टीचं हाड. प्लास्टर करून रात्रीच सोडतो. पण मानेच्या मणक्याला मार लागलेला एक जरी आला तरी त्या रात्रीचं सगळं बदलतं. बरोबर आलेली पोरं त्याला उचलून आणतात, मान न धरता. रस्त्यात कोणी त्यांना थांबवून स्ट्रेचर दिलेलं नसतं. मैदानातच मान स्थिर धरणारा एक प्रशिक्षित माणूस असता, तर काही जण आज चालत असते.

नंतरचं कोणी बघत नाही. हातावर पोट असलेल्या पोराचा हात मोडला की दोन-तीन महिने घर कसं चालतं? २०२२ ला मृत्यूला १० लाख जाहीर झाले होते, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तर साडेसात लाख. बुडालेली मजुरी, फिजिओथेरपी, दुसरी शस्त्रक्रिया यांचं काय? आणि विम्यासाठी नावं सणाआधी द्यायची असतात. ऐन वेळी आलेला, शेजारच्या वाडीतून घेरात उभा राहिलेला मुलगा यादीत नसतो. पडताना सर्वात जास्त माणसं त्याच्याच अंगावर येतात.

वैशाली_थर

मी महिला पथकात पाच वर्षं आहे. सिस्टर म्हणतात ते शब्द न् शब्द खरं. आमच्याकडे आणखी एक अडचण. सरावाला जागा मिळत नाही, मिळाली तर मुलांचं पथक गेल्यावर, रात्री उशिरा. घरून परवानगी मिळवणं हा आमचा पहिला थर.

एका मोठ्या आयोजकाकडे आम्हाला दुपारी बोलावून संध्याकाळी उशिरापर्यंत ताटकळत ठेवलं. प्रमुख पाहुणे आले की सलामी द्यायची होती, म्हणजे हंडी न फोडता नुसते थर लावून दाखवायचे होते. तोवर पाय गार पडले होते, पोटात काही नव्हतं. थर कोसळला, एका मैत्रिणीच्या गुडघ्याचा लिगामेंट गेला. वेळापत्रक पाळायला लावणं हासुद्धा सुरक्षेचाच नियम आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

बार्सिलोनाची_रमा

धागा पहिल्या पोस्टपासून वाचते आहे. मी कातालोनियात राहते आणि इथल्या कास्तेल्स म्हणजे मानवी मनोऱ्यांच्या एका गटात तळाच्या घेरात उभी राहते. इथली परंपरा अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनची, वाइस गावाकडची. २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. इथे दहा मजली मनोरा १९९८ सालीच पूर्ण झाला होता.

इथे सर्वात वर सहा ते दहा वर्षांची मुलं जातात. बऱ्याचदा मुली. म्हणजे आपल्या १४ च्या नियमात इथला एकही मनोरा बसणार नाही. २००६ मध्ये मातारो इथे एक मुलगी पडून गेली आणि इथला समाज हादरला. त्यानंतर वरच्या मुलांना हेल्मेट आलं, तेही या कामासाठी मुद्दाम तयार केलेलं, खालच्याला लागू नये असं मऊ. सगळे गट एका समन्वय संस्थेत आहेत, विमा तिथून होतो. कमरेला लांब कापडी पट्टा घट्ट गुंडाळतात. त्याने पाठीला आधार मिळतो आणि चढणाऱ्याला पाय रोवायला जागा.

पण मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच नियम. वरच्या मुलाने हात वर केला म्हणजे मनोरा रचला गेला, पण तो पूर्ण तेव्हाच मानतात जेव्हा सगळे नीट खाली उतरतात. रचून कोसळला तर त्याचं मोल कमी. त्यामुळे प्रशिक्षकाचं अर्धं लक्ष पहिल्यापासून उतरण्यावर असतं. आपल्याकडे हंडी फुटली की सगळं संपतं, मग मनोरा कसाही ढासळो.

१९८० च्या दशकापासून बायका गटांत आल्या आणि मनोरे उंच झाले, हे वैशालीसाठी. वरच्या थरांत हलकी आणि लवचीक माणसं मिळाली.

लालबागचा_पोरगा

रमाताई, हे भारी आहे. सलामीला काही आयोजक "थर नीट उतरवले तरच बक्षीस" असं सांगतात आणि तिथे पथकं खरंच जपून लावतात. हंडी फोडताना तसं नसतं. हा एक नियम सगळीकडे झाला तरी पुष्कळ फरक पडेल.

१४ च्या नियमाबद्दल आमच्यातही दोन मतं आहेत. वरचा मुलगा मोठा म्हणजे जड, आणि तो भार खालच्या सगळ्या थरांतून जातो.

परळची_सिस्टर

पोरगा, भार जास्त वाटत असेल तर एक थर कमी लावा. लहान मूल वर चढवू नका.

भर_दुपार

सिस्टरना पूर्ण अनुमोदन.

ॲड_शमी

वयाच्या मुद्द्यावर एक बारीक गोष्ट, जी फारशी कोणी बोलत नाही. बालकामगार कायद्यातही १४ हीच वयाची रेषा आहे. २०१६ च्या दुरुस्तीने १४ खालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली, पण त्यात अपवाद ठेवले. घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत हा एक. दुसरा, चित्रपट-मालिका-जाहिरातीत कलाकार म्हणून काम आणि क्रीडा. सर्कस मात्र त्या अपवादातून मुद्दाम वगळली आहे.

आता विचार करा. मनोऱ्याला खेळ म्हटलं की तो अपवादाच्या दारात येऊन उभा राहतो. उंचावरची कसरत आणि पैसे लावून जमवलेली गर्दी असं म्हटलं की तो सर्कशीच्या जवळ जातो. उद्या कोणी लहान मुलांच्या बाजूने हा युक्तिवाद केला, तर खेळाचा दर्जा ही ढाल म्हणून वापरली जाऊ शकते. १४ चा नियम स्वतंत्र कायद्यात लिहिलेला हवा, तो याच कारणासाठी.

निमिष७

म्हणजे सणाला खेळ म्हटल्याने मुलांचं संरक्षण कमी होऊ शकतं? हे डोक्यात आलंच नव्हतं.

गिरणगावकर

आता मूळ प्रश्नावर येतो. मालक नाही म्हणून जबाबदारी नाही, हे गाऱ्हाणं महाराष्ट्राने एकदा सोडवलेलं आहे. माथाडी कामगार आठवा. आज या व्यापाऱ्याची पोती, उद्या त्या गोदामाची, ठरलेला मालक कोणीच नाही. अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्यात मंडळ असतं. काम करवून घेणारा मजुरी आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही, म्हणजे जादा आकार, मंडळाकडे भरतो, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार, रजा मिळतात. मालक कोण हा वाद घालत बसायची गरजच पडली नाही. ज्याचं काम झालं, त्याने भरायचं.

तसंच गोविंदांसाठी का होऊ नये? ठरावीक रकमेवरचं बक्षीस लावणाऱ्या प्रत्येक आयोजकाने आणि लीगने बक्षिसाच्या रकमेवर लेव्ही भरावी. ती एका मंडळाकडे जमा व्हावी. त्यातून वर्षभराचा विमा, सरावासकट. बुडालेली मजुरी. मैदानावर प्रशिक्षित माणूस. पोरगा, यात तुला कोणी कामगार म्हणत नाही. तू भक्त राहा, खेळाडू राहा. पैसे लावणाऱ्याला मात्र मोकळं सोडायचं नाही.

सात_रस्ता

काका, हा धागा काढल्याचं सार्थक झालं. सरकारी विमा हा करदात्यांच्या पैशातून आहे. म्हणजे धोका वाढवणारा वेगळा आणि त्याची किंमत भरणारा वेगळा. लेव्ही असेल तर बक्षीस वाढवताना आयोजकाला त्या धोक्याची रक्कमही मोजावी लागेल.

ताम्हण

आमच्या गावच्या तीन थरांच्या हंडीलाही लेव्ही लावणार का? छोटी मंडळं कागदपत्रांच्या भीतीने हंडीच बंद करतील.

गिरणगावकर

नाही. म्हणूनच "ठरावीक रकमेवरचं" म्हटलं. नारळ आणि पाचशे एक रुपयाच्या हंडीला काहीही लागू नको.

भर_दुपार

याला माझा पाठिंबा. नोकरीतल्या आरक्षणापेक्षा हे कितीतरी जास्त पोरांच्या उपयोगाचं आहे. आरक्षणात चार जणांना नोकरी मिळेल, इथे तळाच्या घेरातल्यालाही संरक्षण आहे.

वैशाली_थर

कायदा होईल तेव्हा होईल, यंदाचं काय? पथकांनी एकत्र येऊन आयोजकांना लेखी अटी द्यायला काय हरकत आहे? जो मानणार नाही त्याच्याकडे जायचं नाही. मोठी पथकं आली नाहीत तर हंडीला गर्दीच होणार नाही.

लालबागचा_पोरगा

हे करता येईल. गुरुपौर्णिमेच्या आधी आमची बैठक असते आणि आसपासच्या पथकांचे लोकही येतात. आमच्या दादांना हा धागा वाचून दाखवला. म्हणाले, अटी लिहून आणा, मी बोलतो सगळ्यांशी. शमीताई, एक पानाचा मसुदा मिळेल का?

ॲड_शमी

नक्की. इथल्याच चर्चेतून घेतलंय, बघा.

आयोजकाने पथकाला वेळ लेखी द्यावी आणि तासापेक्षा जास्त उशीर झाल्यास पथक विनाअट निघून जाऊ शकेल. मनोरा सुरू असताना पाण्याचा मारा, डीजे आणि निवेदकाचं आव्हान बंद. मॅट, वरच्याला दोर आणि हेल्मेट, मैदानात स्ट्रेचर, मान स्थिर धरू शकणारा प्रशिक्षित माणूस आणि रुग्णवाहिका. सगळे सुखरूप उतरल्यावरच थर पूर्ण धरला जाईल. त्या दिवशी प्रत्यक्ष उभ्या असलेल्या प्रत्येकाची, घेरातल्यांसकट, नावं नोंदवून आयोजकाच्या खर्चाने विमा. पथकाकडून एकच हमी: १४ पूर्ण नसलेलं मूल थरात नसेल, सरावातही नाही.

रात्री नीट टाइप करून पाठवते. पोरगा, बैठकीची तारीख कळव, जमलं तर मी स्वतः येईन.

परळची_सिस्टर

मीही येते. मान कशी धरायची आणि माणूस न हलवता स्ट्रेचरवर कसा घ्यायचा, हे पोरांना तासाभरात शिकवता येतं. एक रिकामा स्ट्रेचर तेवढा आणून ठेवा.